नऊ मीटरची गल्ली

रामफळ गल्ली, लोणावळा
दि. १२ जून २०२५

श्रीमती हसिना राजमहंमद मुलाणी यांस,

विषय : नव्या विकास आराखड्यास हरकत घेण्याबाबत.
संदर्भ : माझी मागील चार पत्रे, ज्यांना उत्तर आलेले नाही.

आपण दोघे शेजारी २००३ सालापासून एकमेकांशी बोलत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि अबोला तोंडाचा असतो, लेखणीचा नसतो, असे माझे मत आहे. म्हणून हे पत्र नेहमीप्रमाणे माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या जुन्या नळाच्या भोकातून आपल्या बोळात सरकवीत आहे. उंदराने नेण्यापूर्वी घ्यावे.

मुद्दा असा. शहराचा नवा आराखडा जाहीर झाला आहे. बाजारामागच्या आपल्या गल्ल्या आजवर बंगल्यांच्या झोनमध्ये होत्या. तळमजला आणि वर फार तर एक. नव्या आराखड्यात त्या दाट वस्तीच्या झोनमध्ये घातल्या आहेत. म्हणजे चार-चार मजले! शनिवारी भुशी धरणाला निघालेल्या गाड्या आताच माझ्या फाटकासमोर उभ्या राहतात. त्यात ही भर पडली तर मला दूध आणायला हेल्मेट घालून जावे लागेल.

हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज मी तयार केला आहे, अकरा पाने. गल्लीतल्या चौदा घरांपैकी बारा घरांचे मालक मुंबईला असतात आणि केअरटेकरची सही चालत नाही. उरलो आपण दोघे. एका सहीच्या अर्जाला लोक विक्षिप्तपणा म्हणतात, दोन सह्या झाल्या की त्याचे जनमत होते. तरी आपली सही द्यावी, ही विनंती.

दिगंबर सोमण
निवृत्त मुख्य लिपिक


१३ जून, शुक्रवार

दिगंबर भाऊंना हसिनाचा सलाम.

तुमची मागची चार पत्रं मिळाली व्हती. एक खरंच उंदरानं नेलं, दोन बंब पेटवायला गेली आन् चौथ्यात तुमी माझ्या कोंबडीबद्दल लिवलं व्हतं, त्याला उत्तर देन्याजोगं काय नव्हतं.

आता या सहीचं. भाऊ, मी पडले सातवी पास. झोन म्हंजे काय आन् आराखडा म्हंजे काय, मला काय कळनार? आमचे मालक सांगायचे, कागद समजल्याबिगर सही करायची न्हाई. ते गवंडी, पन कागदाला लय भ्यायचे. तवा तुमीच जरा उकलून सांगा. चार मजले कुनालाबी बांधता येनार का? का त्याला काय अट हाय? आन् ती अट आपल्या गल्लीला बसती का न्हाई? तुमच्यावानी समजावून सांगनारं दुसरं कोन हाय मला.

बाकी सगळं ठीक. माझा नातू इर्शाद उर्से गावी गोडाऊनमधी कामाला लागलाय. बायकोला, नूरला, घेऊन आंबीला एका खोलीत ऱ्हातो. हितं लोनावळ्यात भाड्यानं घर बघायला गेला तर म्हनले आमी फक्त शनिवार-रविवारचंच देतो. नूरला सहावा लागलाय. पाच माळ्यावानी उंच जिना चढती पोरगी. माझ्या दोन खोल्यांत छप्पर गळतं, तिला आनू कुटं? याचा तुमच्या आराखड्याशी काय संबंध न्हाई, सहज लिवलं.

कांदाभजी केल्यात. चार भोकातनं सरकवते. गरम हायत, बोट भाजंल.

हसिना


दि. १४ जून २०२५

श्रीमती हसिनाबी यांस,

आपल्या जिज्ञासेने मला आनंद झाला. भजी मिळाली. मीठ किंचित कमी होते.

आता नीट ऐका. नव्या झोनमध्ये चार मजले कोणालाही मिळत नाहीत. घरासमोरचा रस्ता किमान नऊ मीटर रुंद हवा. त्याहून कमी असेल तर जुनाच नियम, तळमजला आणि वर एक. आणि इथेच माझ्या अकरा पानांचा सगळा जीव आहे! मी काल टेप घेऊन गल्ली मोजली. वरच्या टोकाला नऊ, खालच्या टोकाला नऊ, पण मध्यभागी, बरोबर आपल्या दारासमोर, आठ मीटर वीस. कारण आपल्या तीन पायऱ्या. त्या दोन फूट आठ इंच गल्लीत आल्या आहेत. हरकती ऐकणारी समिती जागेवर मोजायला येईल तेव्हा गल्ली अरुंद भरेल आणि विषय संपेल.

सबब, आपल्या पायऱ्यांना कृपया हात लावू नये. याच पायऱ्यांविरुद्ध मी २००३ साली तक्रार केली होती आणि त्यावरून आपला अबोला झाला, हे मी विसरलेलो नाही. त्या काळी माझा दृष्टिकोन संकुचित होता. आज पाहतो तर त्या पायऱ्या म्हणजे गल्लीची शान आहे. डावीकडची दगडी पायरी थोडी डुगडुगते आहे, ती पक्की करून घ्यावी. सिमेंट मी देईन.

आपले काहीच बांधायचे नसल्याने आपले नुकसान नाही. सहीसाठी शेवटचे पान जोडले आहे.

दिगंबर सोमण


१७ जून

भाऊ,

समजलं. इतकं चांगलं समजलं की काय सांगू. मास्तर व्हायचं सोडून तुमी लिपिक का झालात कोन जाने.

सहीचं पान जपून ठिवलंय. चष्म्याची काडी मोडलीय, ती मिळाली की बघते.

मीठ कमी म्हनता? वहिनी असत्या तर त्यांनी वरनं मीठ भुरभुरून दिलं असतं आन् तुमाला कळलंबी नसतं. अनसूया वहिनी त्या भोकाशी बसून भाजी निवडायच्या आन् मी बोळात बसून. बावीस वर्सांच्या अबोल्यातली सतरा वर्सं आमी दोघी रोज बोललो. तुमी हापिसातनं आलात की त्या भोकाला बोळा लावायच्या. तुमाला वाटायचं घरात वारं येतं म्हनून.

हसिना


दि. २ जुलै २०२५

श्रीमती मुलाणी यांस,

विषय : हा काय प्रकार आहे?

सकाळी सव्वानऊला घणाचे आवाज आले. मी गॅलरीत येऊन पाहतो तो आपला इर्शाद पायऱ्या फोडतो आहे आणि आपण स्टुलावर बसून त्याला 'मुळापासनं काढ' असे सांगत आहात. भर पावसात! मी आपल्याशी बोलत नसल्यामुळे ओरडू शकलो नाही, म्हणून दोन वेळा मोठ्याने खोकलो. आपण पाहिलेत आणि पदर सारखा केलात.

त्वरित खुलासा करावा.

दि. सोमण


३ जुलै

दिगंबर भाऊ,

खुलासा असा की तुमी २००३ मधी केलेली तक्रार मी मंजूर केली. उशीर झाला, पन माझ्याकडं मानूसबळ कमी हाय. अतिक्रमण काढलं. आता तरी माझ्यावर खूश व्हा.

पायऱ्या गेल्या तर दार जमिनीपासनं दोन फूट वर ऱ्हायलं. मी स्टुलावरनं चढते-उतरते. वय झालं, पन अजून जमतं.

आता मी इचारते. काल दुपारी तुमच्या फाटकाभायेर, गल्लीत, सिमेंटच्या सात कुंड्या कुटनं आल्या? आन् त्या बी एका ओळीत, टेप लावून मांडल्यावानी? कोरफड लावलीय त्यात. जल्मात कधी तुमाला झाडाला पानी घालताना बघितलं न्हाई. आन् आज सकाळपासनं कोरफडीला छत्री धरून उभे हाय.

सहीचं म्हनाल तर चष्मा अजून दुरुस्तीला हाय.

हसिना


दि. २३ जुलै २०२५

हसिनाबी,

आज विषय-संदर्भ घालण्याची शक्ती नाही.

काल हरकतींच्या सुनावणीत मी माझी अकरा पाने वाचली. आठव्या पानावर गल्ली, सद्यःस्थितीत, कुंड्यांसह, आठ मीटर चाळीस असल्याचे मी सिद्ध केले. समिती मान डोलावत होती. मग आपण उठलात. पिशवीतून एक पिवळा कागद काढलात आणि म्हणालात, 'मला काय कळत न्हाई साहेब, पन आमच्या शेजाऱ्यांना लय कळतं, त्यांचं वाचा.'

ती माझी २००३ सालची तक्रार होती. आपल्याला माहितीसाठी दिलेली प्रत. माझ्या अक्षरात, मूळ लेआउटच्या नकाशासकट, लाल शाईच्या खुणांसकट. 'सदर गल्ली मंजूर लेआउटप्रमाणे नऊ मीटर असून तीत केलेले कोणतेही बांधकाम, पायरी, ओटा अथवा कुंडी ही रस्त्याची रुंदी कमी करू शकत नाही.' कुंडी! बावीस वर्षांपूर्वी मी 'कुंडी' का लिहिले, देव जाणे. समितीतल्या बाई म्हणाल्या, किती सुंदर काम आहे, कोणी केले? मला हात वर करावा लागला.

गल्ली नऊ मीटर धरली गेली. आपण जिंकलात.

आता खरे लिहितो, कारण लपवून उपयोग उरला नाही. मला गर्दीचे काही वाटत नाही. आठवड्यातले पाच दिवस या गल्लीत आपण, मी आणि ते काळे मांजर, एवढेच असतो. रस्त्यावर पोरे खेळताना ऐकली तर मी खिडकी उघडून बसेन. पण माझ्या यशोधनकडे एक बिल्डर दोन वर्षे चकरा मारतो आहे. म्हणतो, चार मजले मिळत असतील तर प्लॉट घेतो. तोवर नियमच नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. आता नियम आला. यशोधन मला बाणेरला त्याच्या फ्लॅटवर नेणार. अकराव्या मजल्यावर. पोरगा वाईट नाही. त्याला वाटते, बाबा इथे एकटे आहेत. घर माझ्या नावावर आहे, मी नाही म्हणू शकतो, हे मला कळते. पण मी सगळ्या जगाला हरकत घेतली, पोराला घेता येत नाही. आईविना वाढलेला पोर म्हणून जीव अडतो म्हणावे, तर तसेही नाही. अनसूया गेली तेव्हा तो तिशीचा होता. तरी येत नाही.

म्हणून वाटले होते, गल्लीच अरुंद ठरावी. नाही म्हणायचे काम गल्लीने करावे.

दिगंबर


२४ जुलै

भाऊ, हे आधी का न्हाई लिवलंत?

अकरा पानं लिवलीत. गाड्या लिवल्या, ड्रेनेज लिवलं, माझ्या कोंबडीबद्दल लिवलं. ही एक ओळ लिवायला काय झालं व्हतं?

मी बी कुटं लिवलं धड. 'सहज लिवलं' म्हनून लिवलं. मला वरती दोन मजले हवेत भाऊ. एक इर्शाद-नूरला, एक माझ्या धाकट्या लेकीला, ती कामशेतला भाड्यानं दिवस काढते. बाजारापासनं चार पावलांवर आमचं घर असून सगळी लेकरं स्टेशनं मोजत कामाला जातात. परवा मी तिथं समितीफुडं उभी ऱ्हायले. खरं सांगते, तुमचं तोंड बघून मनात लय गुदगुल्या झाल्या. काल तुमचं हे पत्र वाचलं आन् भाकरी तशीच झाकून ठिवली.

नियम आता मागं घ्या म्हनायला मी जानार न्हाई. तेवढी मोठी मी न्हाई. पन इचार करते. मला वेळ द्या.

भोकाला बोळा लावू नका.

हसिना


दि. ४ नोव्हेंबर २०२५

हसिनाबी,

नूरच्या मुलीच्या बारशाची मिठाई भोकातून मिळाली. नाव अम्मारा ठेवल्याचे भिंतीला कान न लावताच ऐकू आले. रडण्याचा आवाज खणखणीत आहे. या पावसाळ्यात तिची आई अखेर तुमच्या गळक्या खोलीतच राहायला आली, हे पाहून मी ताडपत्री देणार होतो. इर्शादने आधीच घातली होती.

झोन मंजूर झाला. येत्या रविवारी यशोधन आणि सूनबाई अनुष्का येत आहेत. बिल्डरचे कागद आणणार आहेत. मी कपाटे आवरायला घेतली आहेत. २००३ च्या तक्रारीचा कच्चा मसुदा सापडला, तो आपल्याला आठवण म्हणून देऊ का?

दिगंबर


५ नोव्हेंबर

दिगंबर भाऊ,

कपाटं आवरू नका. आधी हे वाचा. सावकाश, दोनदा.

तीन महिने मी गप बसले न्हाई. इर्शादच्या वळखीचा कैलास घरांचे नकाशे काढून मंजूर करून आनतो. त्याला घरी बोलावला. तो म्हनला, मावशी, तुमचा प्लॉट चिंचोळा. शेजारच्या बाजूची पाच फुटाची बोळ सोडली तर जिना बसत न्हाई, आन् जिना न्हाई तर मजले न्हाई. मी कपाळाला हात लावला. मग म्हनला, एक वाट हाय. नव्या नियमात दोन शेजारी राजी असले तर मधली बोळ न सोडता जोडघर बांधता येतं. तुमचं स्वयंपाकघर आमच्या मालकांनी आपल्या मधल्या हद्दीला टेकूनच बांधलेलं हाय. मी माझी भिंत त्याला आनून लावायची. फकस्त तुमचं ना हरकत पत्र हवं.

म्हंजे गल्ली नऊ मीटर करून मी जिंकले, आन् जिना मात्र तुमच्या सहीत अडकला. हसा. मी बी हसले.

आता फुडचं. मी कैलासला इचारलं, बाबा, जोडघर झाल्यावर उद्या यांच्या पोरानं घर बिल्डरला द्यायचं म्हनलं तर? तो म्हनला, न्हाई देता येत मावशी. एकदा जोडघर म्हनून नोंद झाली की एकाला आपला भाग पाडायचा तर दुसऱ्याची सही लागती. त्याच्याबिगर कुनी बिल्डर उभा ऱ्हात न्हाई. मी त्याला तीनदा बोलायला लावलं. मग कागदावर लिवून घेतलं, तुमच्यावानी.

भाऊ, रविवारी यशोधनला चहा द्या, त्याच्या आवडीचे बेसनाचे लाडू मी पाठवते, आन् म्हना, बाळा, माझी काय बी हरकत न्हाई. फक्त शेजारच्या हसिनाबीची सही आन.

आन् माझी सही म्हनाल, तर तुमीच सांगा. बारा जूनपासनं मागताय. मिळाली का?

हसिना


दि. ६ नोव्हेंबर २०२५

श्रीमती हसिना राजमहंमद मुलाणी यांस,

विषय : जोडघर बांधण्यास ना हरकत देणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ५ चे पत्र (पाच वेळा वाचले).

मी दिगंबर गणेश सोमण, वय वर्षे एकाहत्तर, लिहून देतो की सदर बांधकामास माझी कोणतीही हरकत नाही. असे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत असल्याने मसुद्यात चूक असल्यास क्षमस्व.

पुढील गोष्टी मात्र नोंदवतो. कोंबडी वरच्या मजल्यावर नेऊ नये. अम्माराला रडताना दाबू नये. कुंड्या मी आत घेतल्या आहेत. कोरफड आता मला आवडू लागली आहे, तिला ठेवणार.

एक अडचण आहे. आपली भिंत येऊन टेकली की नळाचे भोक कायमचे बुजेल. राजमहंमदभाईंनी घर बांधताना ते ठेवले होते, दोन घरांत एकच नळ होता तेव्हा. आज दुपारी त्याच्याशी पाट घेऊन बसलो. अनसूया बसायची तिथे. कांदे निवडायचे होते, पण निवडले नाहीत. मला माझा राग आला. सतरा वर्षे घरात गप्पा चालल्या होत्या आणि मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो.

यापुढे पत्र सरकवायला जागा राहणार नाही. म्हणजे बोलण्यावाचून इलाज नाही. उगाच बांधकाम सुरू होण्याची वाट कशाला पाहायची? ना हरकत पत्र मी आज संध्याकाळी पाच वाजता समक्ष घेऊन येतो.

परंतु आपल्या दाराला पायऱ्या नाहीत आणि माझा उजवा गुडघा दोन फूट उचलत नाही. यावर आपण काय करणार आहात, ते कळवावे.

दिगंबर


६ नोव्हेंबर, चार वाजता

भाऊ, या.

इर्शादनं दाराशी चिरे रचून दोन पायऱ्या केल्यात. हात द्यायला तो उभा हाय. चहात साखर कमी, भज्यात मीठ बराबर.

पायऱ्या गल्लीत आल्यात. टेप घरी ठिवून या.

हसिना